वजन उचलायचं नाही

पऱ्हाट्या उपटायचे दिवस आले की आमच्या शिवारात एक वास सुटतो. कापसाचं झाड मुळासकट जमिनीतून निघतं, तेव्हा त्या मुळाच्या सालीला ओल असते. वरून झाड वाळून काटक झालेलं, पण खाली कुठेतरी ते अजून जिवंत असतं. त्या ओलीचा, सालीचा आणि उकरलेल्या काळ्या मातीचा मिळून तो वास. कच्चा आणि कडवट. आज सकाळी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, आणि दारव्हा रोडकडच्या वावरातून तो वास आला. हात थांबला नाही, पण तोंड कडू झालं.

कापसाच्या फुलांचं, फुटलेल्या बोंडांचं कौतुक सगळे करतात. पिवळं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तेही मुलं शाळेत लिहितात. पऱ्हाट्यांचं कोणी काही बोलत नाही. वेचा संपला, शेवटचा कापूस निघाला, बकऱ्या सोडून झाल्या की वावरात नुसत्या काड्या उभ्या राहतात आणि त्यांना काळी, न उमललेली बोंडं लटकलेली असतात. मग बाया लोखंडी चिमटे घेऊन येतात. चिमट्यात खोड धरायचं, दांडा मांडीला टेकवायचा आणि अंग मागे टाकायचं. टच्च आवाज येतो. कधी मूळ निघतं, कधी खोड मधेच मोडतं आणि बाई मागच्या मागे पडते. दिवसभर हाच आवाज. पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर घरी जातात आणि पुढचे कितीतरी महिने चुलीत जळतात. आमच्या गल्लीतल्या शांताबाई या बायांच्या पुढारीण. त्यांच्या तळहाताची कातडी मी पाहिली आहे. नवऱ्याच्या चपलेपेक्षा जाड.

माझ्या हाती चिमटा आला नाही, कारण आमच्याकडे ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर म्हटलं की लोकांना मोठं धूड आठवतं. आमचा तसा नव्हता. नेरकडे एका बागायतदाराची संत्र्याची बाग वाळली, झाडं तोडली गेली, आणि बागेत फिरवायचा त्याचा छोटा ट्रॅक्टर नुसता उभा राहिला. तो आमच्या ह्यांनी आणला. गोठ्यातल्या गोऱ्ह्याएवढा. कापसाच्या दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, आरामात जायचा. ह्यांचं नाव देवीदास. गावात विहिरीवरची मोटर जळाली की देवीदासला हाक. मोटर खोलायची, तांब्याची तार काढायची, नवी भरायची, हे काम त्यांच्या बोटांना फार चांगलं यायचं. त्यामुळे ते कधी घरी नसायचे, आणि ट्रॅक्टर आपोआप माझ्याकडे आला.

मला तो आवडायचा, हे खरं सांगितलं पाहिजे. पहिल्या दिवशी पदर खोचून मी सीटवर बसले तेव्हा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ही गर्दी. "सुमनबाई इमान उडवून राह्यल्या," असं कोणीतरी ओरडलं. इंजिनाची थरथर पायांतून वर आली. मी सरळ तास धरला आणि शेवटपर्यंत मान वळवली नाही. पुढं महिनाभर मी मनातल्या मनात तो तास चालवत होते.

त्याला एकच खोड होती. मागे वखराची पास लावलेली असायची, म्हणजे जमिनीखालून जाणारं लोखंडी पातं. तासाच्या टोकाला आलं की ते वर उचलावं लागायचं, आणि त्यासाठी सीटच्या मागे एक दांडा. थांबायचं, वळायचं, दोन्ही हातांनी दांडा ओढून ती पास मातीसकट उचलायची, ट्रॅक्टर फिरवायचा, पुन्हा खाली सोडायची. वावराला टोकं किती असतात, हे ज्याला उचलायचं असतं त्यालाच कळतं. संध्याकाळी ओटीपोटात दगड ठेवल्यासारखं वाटायचं. मी कोणाला बोलले नाही. सगळ्याच बायांना वाटत असेल, असं समजले.

मग ऑपरेशन झालं. पिशवी काढली. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा लावायच्या. टाके काढताना त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "वजन उचलायचं नाही. कळशी नाही, बादली नाही, पोतं नाही. सहा महिने काहीच नाही. नाहीतर हे सगळं खाली येईल."

त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. शिकलेल्या माणसानं, पांढऱ्या कोटातल्या माणसानं मला बसायला सांगितलं होतं. ते वाक्य घेऊन मी एसटीत बसले. खिडकीबाहेर कापूस फुटत होता, आणि मला दिसत होता आमचा ओटा. त्यावर थंडीतलं ऊन. खांबाला पाठ टेकलेली, पाय लांब सोडलेले. बस एवढंच. लग्न झाल्यापासून मी पाय लांब सोडून दिवसा कधी बसले, ते मला आठवेना.

पण ते साल बोंडअळीचं निघालं.

बियाण्याच्या पाकिटावर हसणारा शेतकरी होता. या वाणावर अळी येतच नाही, असं दुकानात सांगितलं होतं, आणि आम्ही काही मूर्ख नव्हतो, आधीची कितीतरी वर्षं ती आलीही नव्हती. त्या साली झाडं अशी हिरवीगार, बोंडं अशी टपोरी, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून पाहायचा. फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये घर करून बसलेली. बाहेरून भोक नाही, डाग नाही. बोंड फुटायचं ते अर्धंच. एक पाकळी पांढरी, बाकी पिवळट, कडक कवडी. तो कवडी कापूस वेचायलाही कोणी तयार होईना. वेचून घरात आणला तर सगळ्यांच्या अंगाला खाज. कापूस पुढच्या खोलीत, मी मागच्या खोलीत बाजेवर, तरी माझ्या टाक्यांच्या खुणांभोवती लाल फोड उठले. खाजवायचं नाही म्हणून मी हात मांडीखाली दाबून ठेवायची. चांगल्या वर्षीचा कापूस घरात असला की पोरं त्यावर उड्या मारतात. त्या साली त्या खोलीचं दार आम्ही लावून ठेवलं.

मग सांगणारे आले. गावात जीप फिरली, भोंग्यावरून सूचना झाली. पऱ्हाट्या ठेवू नका, लवकर उपटा, वावर मोकळं करा, नाहीतर हीच अळी पुढच्या वर्षी पुन्हा वर येईल. दरवर्षी होळीच्या मागंपुढं चालणारं काम सगळ्या गावाला एकदम, भर थंडीत करायचं होतं. शांताबाईंच्या बाया कुणाकुणाला पुरणार? लोक त्यांच्या दारात सकाळीच जाऊन बसायचे.

अशाच एका दुपारी हे घरी आले ते चेहऱ्यावर वेगळंच तेज घेऊन. बाजेच्या कडेला बसले.

"सुमन, डॉक्टरीनबाईनं तुले वजन उचलू नोको म्हनलं न?"

"हो."

"मंग नाही उचलाचं. तू काहून उचलशीन? तेल उचलीन."

मला कळेना. त्यांनी माझी उशी घेतली, तिचा ट्रॅक्टर केला, चमच्याची पास केली, आणि समजावलं. इंजिनाच्या पुलीला पट्टा लावायचा. पट्ट्यावर पंप फिरेल. पंप तेलाला रेटा देईल, ते तेल पाइपातून जॅकमध्ये जाईल, आणि जॅक पास उचलेल. मोठ्या ट्रॅक्टरला असतं तसं हायड्रोलिक. आपल्या छोट्याला कंपनीनं दिलं नाही, तर आपण बसवू. "एक बोट लावलं का झालं," ते म्हणाले. "तू नुसती राणीवानी बसजो."

त्यांचे डोळे इतके चमकत होते की मी हसले. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला.

दारव्ह्याला युसूफभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. ह्यांचा जुना दोस्त. पंप भंगारात निघालेल्या एका मोठ्या ट्रॅक्टरचा मिळाला, जॅक एका ट्रॉलीचा, तेल कुठे सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह माती उपसायच्या मशीनचा. तेलाची टाकी युसूफभाईंनी पत्र्याची केली, आणि तिला आतून पडदा घातला, तेल उसळू नये म्हणून. अंगणात पंधरवडाभर ठोकाठोक. मी खिडकीतून पाहायची. दोघं जेवणं विसरायचे. युसूफभाई मधेच आवाज द्यायचे, "भाभी, चाय मिलेगी क्या? आप मत उठना, लडकी को बोलो." मी मत उठना ऐकायची आणि उठायची, कारण लेक शाळेत असायची.

एक दिवस ह्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. सीटवर चादरीची घडी टाकली, पोटाला उशी बांधली आणि मला बसवलं. दांडी कुठं बसवायची ते ठरवायचं होतं.

"हात मोकळा सोड. जिथी येते तिथी येऊ दे. तिथंच दांडी बसवतो, तुले वाकाचं काम नाही."

मी हात मोकळा सोडला. तो माझ्या मांडीवर येऊन पडला.

"अवं, मांडीवर नाही," ते हसत म्हणाले. "बाजूले."

युसूफभाईही हसले. त्यांनी माझा हात उचलून बाजूला धरला आणि खडूनं खूण केली.

पहिल्यांदा पास वर गेली तेव्हा अंगणात गल्ली जमली होती. इंजिन चालू, दांडी मागे, आणि तो जॅक सळईसारखा बाहेर आला. मातीचं एवढं मोठं ढेकूळ घेऊन पास अलगद उचलली गेली. कोणाचाही हात न लागता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, छातीत काहीतरी भरून आलं. पण पास वर राहीना. हळूहळू खाली यायला लागली. कुठेतरी तेल सुटत होतं.

"पाइप देखता मैं," युसूफभाई म्हणाले, आणि टाकीकडे वाकले. हे जॅककडे वाकले. रबराचा जुना होज पाइप होता. नवा यवतमाळहून यायचा होता, तोवर चाचणीपुरता हा. कुठं ओल दिसेना. मग कुठून वारा लागतो ते पाहायला ह्यांनी पाइपावरून तळहात फिरवला, जसा आपण पोराच्या पाठीवरून फिरवतो. एकदम हात मागे घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तार टोचली."

अशा पाइपाच्या पोटात लोखंडी तारेची जाळी असते, ती कधी बाहेर येते. तळहाताच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटाच्या मुळाशी एक ठिपका होता. शिवताना सुई टोचते तेवढा. रक्तही धड नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, हात फडक्यानं पुसला आणि सगळ्यांना चहा सांगितला. दुखत नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण नंतर ज्यानं त्यानं एकच विचारलं: लगेच काहून नाही नेलं? दुखत नव्हतं. ते हसत होते. बशीतून चहा पीत होते, त्याच हातानं.

संध्याकाळी बोट ताठ झालं. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पावासारखा फुगला होता आणि बोटांचा रंग बदलला होता. यवतमाळला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ठिपका पाहिला आणि विचारलं, "मशीनचं तेल होतं का? दाबाखालचं?" मग ते भराभर चालायला लागले. तार टोचलीच नव्हती. पाइपाला डोळ्याला न दिसणारं भोक होतं, आणि त्यातून तेलाची धार इतक्या जोरात येत होती की कातडी फोडून आत गेली. सुताच्या कापडात तेल पसरतं तसं ते आतल्या आत मनगटापर्यंत पसरलं होतं. तळहात चिरला. धुतला. पुन्हा चिरला. शेवटी दोन बोटं काढली, मधलं आणि त्याच्या शेजारचं. उरलेल्या बोटांत पकड राहिली नाही. अंगठा तेवढा हलतो.

ज्या वॉर्डात मला वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच खालच्या मजल्यावर मी त्यांचं पाण्याचं भांडं, डबा, चादरी उचलत होते.

घरी आलो तेव्हा अंगणात ट्रॅक्टर उभा. युसूफभाई आमच्या आधी येऊन बसले होते. नवा पाइप त्यांनी स्वतः आणला होता. पाइप बसवला, पुठ्ठ्याचा तुकडा धरून कुठं गळत नाही ते पाहिलं, आणि पास वर उचलून ठेवली. ती तशीच राहिली. इंचभरही खाली आली नाही. चहा घ्या म्हटलं तर त्यांनी मान हलवली, आणि स्कूटरला किक मारताना डोळे पुसले.

वावरात पऱ्हाट्या उभ्याच होत्या. मोटरची तार भरायला बोटं लागतात, ते काम ह्यांचं कायमचं गेलं. मग मी सीटवर बसले. पोटाला उशी बांधून. खडूची खूण होती तिथं दांडी होती, आणि हात खरंच तिथं जात होता. यंत्र झकास चाललं. अगदी त्यांनी सांगितलं तसं. एका बोटानं पास जमिनीत जायची, मुळं खालून कापत जायची, पऱ्हाट्या दोन्ही बाजूंना आडव्या पडायच्या, टोकाला एका बोटानं वर. आमचं वावर झालं, मग शेजारच्यांचं. मग लोक बोलवायला यायला लागले. मी सकाळी निघायची ती दिवस कलताना परत. एका बोटाचं काम म्हणून थांबायला कारणच उरलं नाही. त्या साली मी जेवढी वावरं केली, तेवढी दांडा ओढत होते तेव्हा कधीच केली नसती.

शांताबाईंच्या बाया माझ्या मागून चालायच्या, पडलेल्या पऱ्हाट्या गोळा करायला. त्यांचं उपटण्याचं काम मी घेतलं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. पण शांताबाई ते बोलल्या नाहीत. एकदा धुऱ्यावर पाणी पिताना त्या म्हणाल्या, "नशीबवान हायेस बाई. तुह्यासाठी त्यानं हात देला. आमच्या मालकानं तं कधी चिमट्याले दांडा नाही ठोकून देला."

मी पाणी प्यायले.

हेच नंतर सगळीकडे सुरू झालं. तालुक्याला शेतकऱ्यांचा मेळावा होता, तिथं ह्यांचा सत्कार ठेवला. माईकवरच्या माणसानं ट्रॅक्टरची माहिती सांगितली, जुगाड म्हणाला, लोक हसले. मग आवाज हळवा करून म्हणाला, "मित्रांनो, हे नुसतं यंत्र नाही. हे पत्नीवरचं प्रेम आहे." टाळ्या. बायकांच्या बाजूनं सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ह्यांना शाल घातली, नारळ दिला. फोटोवाला खालून ओरडला, "दोन्ही हातांनी धरा भाऊ, दोन्ही हातांनी!" ह्यांनी डाव्या हातानं नारळ धरला आणि उजवा शालीखाली ठेवला. फोटोवाला पुन्हा ओरडला. मी उठून मंडपाबाहेर गेले. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

मला भरून आलं नव्हतं. राग आला होता, आणि तो कुणाचा, ते धड सांगता येत नव्हतं. अळीचा, पाकिटावरच्या हसऱ्या शेतकऱ्याचा, भोंग्याच्या जीपचा. पण त्यांच्याही पलीकडे एक राग होता, आणि त्याच्याकडे पाहायचीच मला चोरी. ज्या माणसाच्या शर्टाच्या गुंड्या मी रोज सकाळी लावते, ज्याच्या पायजम्याची नाडी बांधते, त्याच्यावर रागवायचं कसं? त्यांनी माझ्यासाठी केलं, यात तिळमात्र खोट नाही. पण मी काय मागितलं होतं? मागितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या वजन उचलायचं नाही, ते मी ऐकलं "बस". तेच त्यांनी ऐकलं "उचलायला दुसरं काहीतरी शोध". मला आराम पाहिजे होता, त्यांनी मला यंत्र दिलं. आणि ते इतक्या मायेनं दिलं, इतकं मोल देऊन दिलं, की त्यावरून खाली उतरायची वाटच राहिली नाही. हात मोकळा सोड म्हणाले होते. सोडला होता की मी.

अशी वर्षं गेली. अळी कधी कमी, कधी जास्त, पण पाहुणी म्हणून आली ती घरचीच होऊन बसली. लेक लग्न होऊन कळंबला गेली. आता मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांकडे पऱ्हाट्या काढायची कारखान्यात केलेली तयार यंत्रं आली आहेत, पण लहान तुकड्यांना अजून मलाच बोलावतात.

आज शेंगा सोलून झाल्या आणि मी आमच्याच वावरात गेले. पाच-सहा ओळी झाल्या असतील, तेवढ्यात हे पाण्याची बाटली घेऊन आले. मी इंजिन बंद केलं, खाली उतरून पाणी प्यायले. ते ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आले. त्यांच्या डोळ्यांत तेच जुनं तेज होतं.

"सुमन, म्या का म्हनतो, याले पुढून बी एक जॅक बसवू. पुढं दातऱ्या लावल्या का पऱ्हाट्या आपोआप गोळा होतीन. मंग बाया बी नाही लागत. तुले आनखी सोपं जाईन."

माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले तेव्हा ते मलाच नवे वाटले.

"मले सोपं नोको."

"म्हंजे?"

"मले बसू द्या."

"बसूनच तं करतं न तू? सीटवर..."

"सीटवर नाही. तसं बसनं नाही." मी बाटलीचं झाकण लावलं. "ऑपरेशन झालतं तवाच मले बसाचं होतं. तुम्ही इचारलं नाही. म्या बी सांगितलं नाही. तुमचा हात गेला, मंग तं बोलाचीच सोय नाही राह्यली. लोक म्हनतात तुह्यासाठी हात देला. म्या मांगतला होता का?"

वारा नव्हता. दूर कोणाच्या तरी वावरात चिमट्याचा टच्च टच्च आवाज येत होता. त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला, मग पुन्हा पुढे आणला, जणू तो कुठं ठेवावा हेच त्यांना कळेना. मला वाटलं आता ते रडतील, किंवा ओरडतील. कुठलंही झालं असतं तरी मी लगेच सीटवर जाऊन बसले असते. सवयच तशी आहे.

ते ट्रॅक्टरकडे वळले. डाव्या हातानं स्टिअरिंग धरून वर चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इंजिन सुरू केलं. दांडीवर मनगट टेकवून खांद्यानं जोर दिला, तेव्हा पास खाली गेली. तास वाकडा निघाला. निम्म्या पऱ्हाट्या पडल्या, निम्म्या उभ्याच. टोकाला ट्रॅक्टर थांबला. मनगट दांडीवरून निसटलं, पास वर येईना, पुन्हा निसटलं. तेवढ्या लांबून त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी धुऱ्यावर पाय लांब सोडून बसले होते. उन्हानं घोटे तापत होते. त्यांना काय पाहिजे, ते मला कळत होतं.

मी उठले नाही.